आपल्या पावलाचे माप

आमच्या गल्लीत रेवणप्पांशी मान वर करून बोलण्याची वेळ कधी कोणावर आली नाही. ते ती येऊच देत नसत. समोरून कोणी बोलण्याच्या उद्देशाने येत आहे असे दिसले, की ते आधी जवळची पायरी पाहत, पायरी नसेल तर कट्टा, कट्टा नसेल तर नळावरची पालथी बादली. तिच्यावर सावकाश टेकत आणि मग म्हणत, "बसून बोलू की." समोर वीजमंडळाचा साहेब असो वा कोथिंबिरीची पाटी घेतलेली बाई, यात भेद नव्हता. बसल्यावर त्यांचे डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येत, आणि त्यानंतरच संभाषणाला आरंभ होई.

मठाच्या पाठशाळेत माझे शिक्षण झाले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत मी शाळेत संस्कृत शिकवले. बटू वामनाने विराट होऊन त्रिभुवन व्यापल्याची कथा मी किती वर्गांना सांगितली असेल, त्याची गणती नाही. विराटाने दिवसातून अनेक वेळा, आपण होऊन, कोणी न सांगता बटू व्हावे, हे मात्र मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. ते मी आमच्या गल्लीत पाहिले.

त्यांची उंची किती होती, हे मला ठाऊक नाही. ते मोजू देत नसत. मला ठाऊक आहेत त्या गोष्टी इतक्याच, की त्यांच्या खोलीतला छताचा पंखा उतरवून ठेवलेला होता. त्यांच्या वहाणा चांभार दोन जोडांचे कातडे लावून शिवत असे. आणि माझ्या घराच्या चौकटीतून आत येताना ते आधी कमरेतून, मग मानेतून आणि शेवटी गुडघ्यांतून वाकत, तेव्हा एखादा मोठा रथ अरुंद वेशीतून जपून आत घ्यावा तसे वाटे. झोपण्यासाठी खाट नव्हती. खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरके अंथरूण घालत आणि तरीही गुडघे मुडपून निजत. एकदा मी काळजीने विचारले, तेव्हा हसून म्हणाले, "सरळ झोपायचं म्हंजे उंबऱ्याभाईर पाय की, गुर्जी. कुत्री येत्यात वळखायला."

त्यांचे गाव होटगीच्या पलीकडचे. घरात कन्नड आणि रानात मराठी, अशा दोन्ही भाषांत ते वाढले होते. लग्न केले नाही. पुतण्या इराप्पा आणि त्याची बायको यांच्यासह ते आमच्या समोरच्या चाळीत राहत. इराप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर कामाला. तो विणलेल्या चादरींचे गठ्ठे मोटारसायकलवर बांधून आणी आणि रेवणप्पा कट्ट्यावर बसून त्यांच्या दशांना, म्हणजे काठाला सुटलेल्या धाग्यांना, गाठी मारत. हे काम आमच्याकडे बायका करतात. त्या प्रचंड बोटांत तो बारीक धागा दिसेनासा होई, आणि बोटे बाजूला झाली की मोत्यासारखी गाठ मागे राहिलेली असे. मी पूजा आटोपून ओसरीवर बसलो की ते पाहत राही. जपमाळ माझ्या हातात असे, पण जप चालू आहे असे वाटे समोरच्या कट्ट्यावर.

त्यांच्या शेजारी महादेवीअक्का राहत. जिभेला धार, पापड-सांडग्यांचा मोठा व्याप, आणि रेवणप्पांवर वडीलकीचा हक्क असल्यासारखा धाक. दर उन्हाळ्यात त्यांचा एखादा पापड वाऱ्याने उडून पत्र्यावर जाई आणि गल्लीभर हाक ऐकू येई. "रेवणप्पा, हुबं ऱ्हा की जरा. देवानं शिडी दिलीया घरात आनि मी भाड्यानं आनू व्हय?" रेवणप्पा हातातली गाठ पुरी करून उठत, टाच न उचलता पत्र्यावरचा पापड काढून देत आणि पुन्हा बसत. दिवाळीत साऱ्या गल्लीची तोरणे त्यांनीच बांधायची. मात्र कोणी पाहुणा त्याच वेळी आला आणि "जरा उभे राहा ना, आमच्या मुलांना दाखवतो" म्हणाला, तर ते हालत नसत. त्यांचे वाक्य ठरलेले होते. "कामाला हुबा ऱ्हातो. बघायला न्हाय."

अलीकडे हातात फोन घेतलेली मुले येऊ लागली होती. "अंकल, हाइट किती?" असा एकाने फोन रोखूनच प्रश्न केला. रेवणप्पांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि तितक्याच उत्सुकतेने विचारले, "तुमचं वजन किती वो?" मुलगा अंगाने भरलेला होता. तो ओशाळला. रेवणप्पांनी शेजारची जागा हाताने झाडली, त्याला बसवले, नाव-गाव विचारले, अक्कांकडून दोन पापड भाजून आणवले. जाताना त्या मुलाचा फोन खिशात होता, आणि तो काढण्याची आठवण त्याला झाली नसावी.

देवळाच्या गाभाऱ्याचे दार बुटके असते. सर्वांना वाकून आत जावे लागते. त्या दाराशी रेवणप्पा नेहमी थोडा वेळ रेंगाळत. मी कारण विचारले. म्हणाले, "बरं वाटतं, गुर्जी. हितं समदेच वाकत्यात."

तंबूची हकीकत त्यांनी मला एका संक्रांतीला सांगितली. गड्ड्याची जत्रा भरली होती. पाळण्यांचे भोंगे ओसरीपर्यंत ऐकू येत होते. तोपर्यंत गल्लीत सर्वांना एवढेच ठाऊक होते, की तरुणपणी ते कुठल्याशा खेळवाल्यांबरोबर हिंडत. तो विषय कोणी काढत नसे. त्या दिवशी भोंग्यावर कोणी ओरडून लोकांना बोलावत होता. रेवणप्पा हातातला धागा तसाच धरून ऐकत राहिले आणि आपण होऊन बोलू लागले.

मिसरूड फुटायच्या वयातच त्यांचे शरीर थांबेना. रानात काम करताना नांगराची मूठ हाताला पुरेना. बांधावर माणसे येऊन उभी राहू लागली. अशात एक परगावचा तंबूवाला आला आणि त्याने थोरल्या भावाला समजावून त्यांना नेले. गावोगावच्या जत्रांतून ते उभे राहत. फळ्यांचा चौथरा, मागे रंगवलेला पडदा, आणि तिकीट काढून आत आलेल्या माणसाने त्यांच्या पसरलेल्या हाताखालून जायचे. मी सहज बोलून गेलो, की फार मोठा अन्याय झाला. त्यांनी मान हलवली.

"आन्याव कुनाचा म्हनू, गुर्जी? गावात फुकट बघत हुते, तितं तिकीट हुतं. तितं पोटभर भाकर हुती, गावात न्हवती. तंबूवाला मारत न्हवता. दवापानी बी करायचा. फकस्त बसू देत न्हवता."

मला कळले नाही. त्यांनी उलगडून सांगितले. चौथऱ्यावर खुर्ची नसे. सकाळी पडदा उघडला की रात्री मिटेपर्यंत त्यांनी उभे राहायचे. कारण बसलेले रेवणप्पा इतर धिप्पाड माणसांसारखेच दिसत. "बसलं की मी मानूस दिसायचा. मानसाला कोन तिकीट काडतंय?" हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. एखाद्या यंत्राची रचना सांगावी तसे सांगितले. मला मात्र पुढे कितीतरी दिवस त्या वाक्याने सोडले नाही. मनुष्याच्या देहाचा बाजार कसा मांडला जातो, याविषयी याहून नेमके बोललेले मी ऐकलेले नाही.

मग तेथून सुटका कशी झाली, असे मी विचारले.

अशाच एका जत्रेत, अक्कलकोटच्या बाजूची एक म्हातारी नातवंडांबरोबर तिकीट काढून आत आली. पोरे हाताखालून धावली, ओरडली. म्हातारी चौथऱ्यापाशी थांबली. तिने वर पाहिले नाही. तिची नजर सरळ समोर होती, आणि तिच्या नजरेसमोर आले ते त्यांचे सुजलेले घोटे. तिने पाटावर जेवायला आलेल्या मुलाला सांगावे तसे कन्नडमध्ये सांगितले, "कुंद्रप्पा." म्हणजे, बस रे बाबा.

रेवणप्पा बसले.

"तंबूवाला वरडला. लोक बी वरडले, पैशे मागाय लागले. पर मला उटताच येईना, गुर्जी. पायात जोर हुता. पर आईनं बस म्हनल्यावर कसं उटायचं?" तंबूवाल्याने दोन दिवस वाट पाहिली आणि मग स्वतः गाडीभाडे देऊन त्यांना घरी पाठवले. त्या म्हातारीचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. पण माझ्या मनात आले, की बसून बोलण्याची दीक्षा ज्या गुरूने दिली, तो गुरू असा, तिकीट काढून आलेला होता.

वयाबरोबर त्यांचे सांधे कुरकुरू लागले आणि इराप्पा त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेऊ लागला. तेथले प्रमुख डॉक्टर सज्जन गृहस्थ. मी तेथे असताना ते एकदा स्वतः चाळीत आले, वहाणा काढून चटईवर बसले आणि चहा घेऊन झाल्यावर मोकळेपणाने आपला हेतू बोलले. असा देह शतकातून क्वचित घडतो. मृत्यूनंतर त्याचा सांगाडा संग्रहालयात जपला, तर पुढच्या कितीतरी पिढ्यांतील विद्यार्थी शिकतील. सर्व काही सन्मानाने होईल. त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता, आणि म्हणूनच उत्तर देणे कठीण होते.

इराप्पाचा चेहरा उजळला होता. काकांना आयुष्यभर लोकांनी हसण्यावारी नेले. आता त्यांच्या नावाची पाटी लागेल, मोठमोठी माणसे वाचतील, असे त्याला वाटले. "काकांचं नाव ऱ्हाईल," तो म्हणाला.

"नाव ऱ्हाईल, खरं हाय," रेवणप्पा म्हणाले. "पर मी बी ऱ्हाईन की तितं." मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी विचारले, "सायेब, काचंत बसवत्यात का हुबं करत्यात?"

खोटे बोलणे डॉक्टरांना सोपे होते. "उभा ठेवतात," ते म्हणाले.

रेवणप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी शास्त्र जाणणारा, म्हणून माझे मत हवे होते. मला जे प्रामाणिकपणे सुचले ते मी सांगितले. दधीची ऋषींनी देवांच्या कार्यासाठी आपल्या अस्थी दिल्या. असे दान आपल्या परंपरेत निंद्य नाही, किंबहुना थोर आहे. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"दधीचीनं हाडं दिली, गुर्जी. पर देवांनी त्येचं वज्र केलं. कपाटात न्हाय ठिवलं."

ही कथा मी आयुष्यभर शिकवली. तिच्यात देणाऱ्याचे कौतुक मी नेहमी केले. घेणाऱ्याने त्याचे पुढे काय केले, याकडे कोणी माझे लक्ष वेधले नव्हते.

डॉक्टर उठण्याच्या तयारीत होते, पण रेवणप्पांनी त्यांना बसवून ठेवले. कोणाला रित्या हाताने पाठवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हणाले, "शिकायचं आसंल तर पोरास्नी हितं धाडा. जित्ता हाय तवर शिकवतो. पर येऊन बसायचं. नाव-गाव सांगायचं. मग बघायचं."

आणि खरोखरच पांढरे कोट घातलेली मुलेमुली येऊ लागली. चाळीच्या कट्ट्यावर चटया पडत. पहिल्या दिवशी ती बावरलेली होती. कोणी उभ्यानेच टिपणे घेऊ लागला, की अक्का आतून म्हणत, "ए डागदर, बूड टेक की. गाडी सुटाय लागली व्हय?" मग एकेक जण आपले नाव आणि गाव सांगे, आणि रेवणप्पा ते मोठ्याने पुन्हा म्हणत. त्यानंतर ते आपला हात त्यांच्या हाती देत, जबडा दाखवत, गुडघा वाकवून त्याचा आवाज ऐकवत. एका मुलीने वहीतले प्रश्न बाजूला ठेवून विचारले, "आजोबा, तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?"

"गुडघ्याचा," ते म्हणाले. "आनि मानूस बोलायच्या आदी बघतो, त्येचा."

तोच देह, तेच पाहणे, तसेच भोवती जमलेले लोक. तरी तंबूत घडत होते ते आणि येथे घडत होते ते, यांत आकाश-पाताळाचे अंतर होते. मी ओसरीवरून पाहत असे आणि मला देवदर्शनाची आठवण होई. तेथेही आपण नुसते पाहत नाही, आपल्यालाही कोणी पाहत असते, आणि ते ठाऊक असते म्हणून आपण हात जोडतो.

पण रेवणप्पांच्या मनातली एक धास्ती गेली नव्हती. आपण गेल्यावर कोणी मोठा माणूस गोड बोलेल, इराप्पा भोळा आहे, आणि आपण पुन्हा उभे राहू, ही ती धास्ती. एका गुरुवारी ते माझ्या ओसरीवर आले. इराप्पाला बरोबर आणले होते. गाठी मारताना उरलेला एक लांब पांढरा धागा त्यांच्या हातात होता.

येथे आमच्या समाजाची रीत सांगितली पाहिजे. आम्ही वीरशैव मृताला जाळत नाही आणि निजवतही नाही. पद्मासनात बसवून भूमीच्या स्वाधीन करतो. तो समाधीचा खड्डा पट्टीने आखत नाहीत. जाणाऱ्याच्या पावलाचे माप दोऱ्यावर घेतात आणि त्या दोऱ्याच्या पटीने भूमी मोजतात.

"आपल्यात बसवत्यात," रेवणप्पा म्हणाले. "म्हनून मला मरनाची भीती न्हाय. ह्यो दोरा घरात आसला की इराप्पा मला दुसरीकडं कुटं न्हेनार न्हाय. घे माप."

इराप्पा मागे सरला. जिवंत माणसाचे असे माप घेणे अभद्र मानतात. त्याने आशेने माझ्याकडे पाहिले, की गुरुजी निषेध करतील. मी मनातल्या मनात कितीतरी वचने चाळली. निषेधाची सापडली असती. परंतु समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्यातली प्रत्येक वस्तू, चौकट, खाट, एसटीचे आसन, दुकानातली वहाण, दुसऱ्या कोणाच्या तरी मापाने घडलेली होती. एकच जागा अशी होती, जी त्यांच्या मापाने घडायची होती. मी म्हणालो, "इराप्पा, घे."

रेवणप्पांना आता वाकता येत नव्हते. इराप्पा गुडघ्यांवर बसला, त्याने दोरा टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणला, दाताने तोडला. टोकांना गाठी मात्र रेवणप्पांनी स्वतः मारल्या. मग पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवला; तो हात खांद्यांपर्यंत पोहोचत होता. दोरा देव्हाऱ्यात गेला.

मागच्या कार्तिकात एका सकाळी, इष्टलिंगाची पूजा करून, विभूती लावलेल्या कपाळाने, भिंतीला टेकून बसले असताना ते गेले. बसले असतानाच गेले. इराप्पाच्या बायकोने चहा आणून ठेवला, तेव्हा ते तिला कळले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. प्रमुख डॉक्टर आले. हात जोडून चटईवर एका बाजूला बसले आणि त्यांनी कोणताही विषय काढला नाही. त्यांचे विद्यार्थी आले. पण त्यांच्यामागून कुठून कुठून अनोळखी माणसे येऊ लागली. गल्लीचे तोंड भरले. चाळीच्या दारात, फुलांनी सजवलेल्या मखरात, रेवणप्पांना बसवले होते, आणि गर्दीतून फोन वर येऊ लागले. पुढचे मागच्यांना जागा देईनात. कोणीतरी म्हणाले, "उंची दिसत न्हाय की, बसवलंय."

इराप्पा मखरापाशी होता. तो उठून पुढे आला तेव्हा मला वाटले, हा आता भांडेल. तो भांडला नाही. हात जोडून म्हणाला, "आदी बसा. काका हुब्यानं कुनाशी बोलत न्हवते."

प्रथम विद्यार्थी बसले. मग गल्लीतली माणसे. मग हळूहळू, रस्त्यावरच्या धुळीत, पार कोपऱ्यापर्यंत, ती सारी गर्दी खाली बसली. बसल्यावर फोन धरलेले हात आपोआप मांडीवर आले. सर्वांच्या मधोमध आणि सर्वांच्या समोर, रेवणप्पाही बसलेले होते. एवढ्या माणसांत कोणाची मान वर नव्हती, कोणाची खाली नव्हती.

स्मशानभूमीत खणणाऱ्यांच्या हाती इराप्पाने दोरा दिला. मुख्य गडी तो ताणून पाहत म्हणाला, "दोन पावलांचं धरलंय व्हय?"

"एकाच," इराप्पा म्हणाला.

गड्याने दोरा कपाळाला लावला आणि मापायला सुरुवात केली.

ते शेवटचे दर्शन मी काठावरून घेतले. खाली, ताज्या काळ्या मातीत, ते पद्मासनात होते. डाव्या तळहातावर लिंग, अंगाखांद्यावर भस्म आणि बेलाची पाने. गुडघे कुठे भिंतीला टेकत नव्हते. खांदे कुठे आखडलेले नव्हते. डोक्यावर मोकळी जागा होती. त्यांना इतके ऐसपैस बसलेले मी कधीच पाहिले नव्हते. मंत्र माझ्या ओठांवर होते, पण म्हणणारा मी आहे, याचे भान मला राहिले नव्हते.

माती लोटण्यापूर्वी महादेवीअक्का पुढे झाल्या. गेली कित्येक वर्षे त्या माणसाला हाका मारून उठवणारी ती बाई काठाशी ओणवी झाली. तिने मूठभर पाने सोडली आणि अगदी हळू, घरातल्या घरात बोलावे तशी म्हणाली,

"कुंद्रप्पा. आता कुनी उटवत न्हाय."